महाविद्यालयीन ग्रंथालयातील पुस्तकशोध आणि देवघेव (कोकण)

महाविद्यालयाच्या ग्रंथालयात हवे ते पुस्तक हुडकणे म्हणजे पुस्तकशोध; ते ठरावीक मुदतीसाठी घरी नेणे आणि परत करणे या व्यवहाराला ग्रंथपाल ‘देवघेव’ म्हणतात. रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली बहुतेक कला-वाणिज्य-विज्ञान महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न असल्याने व्यवहाराचा सांगाडा मुंबईसारखाच आहे. पाऊस, एसटी आणि गणपती यांनी त्याला इथले वळण दिले आहे.

कोकणात वाचनालये महाविद्यालयांच्या कितीतरी आधी आली. रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, चिपळूणचे आजचे लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर १८६४ पासूनचे. रत्नागिरीचे गोगटे-जोगळेकर महाविद्यालय मात्र १९४५ चे. गावच्या वाचनालयात काउंटरवर नाव सांगितले की आतला माणूस पुस्तक काढून देतो. ती सवय घेऊन आलेल्या मुलाला मुक्तद्वार पद्धतीच्या ग्रंथालयात स्वतः कपाटांच्या रांगांत शिरावे लागते, आणि गोंधळ तिथे सुरू होतो.

गोंधळाचे मूळ बहुधा एकच असते. पुस्तकावर दोन आकडे असतात आणि नवखा विद्यार्थी चुकीचा आकडा टिपून आणतो. पहिला ‘दाखल अंक’. पुस्तक ग्रंथालयात आले त्या क्रमाने तो दाखल नोंदवहीत पडतो. एकाच क्रमिक पुस्तकाच्या दहा प्रती असल्या तर दाखल अंकही दहा वेगवेगळे. दुसरा ‘वर्गांक’, म्हणजे पुस्तकाचा पत्ता. दाखल अंक हातात घेऊन कपाटे धुंडाळणे म्हणजे रेशनकार्डाचा नंबर घेऊन वाडीत घर शोधणे.

वर्गांक बहुतेक ठिकाणी मेल्विल ड्यूई यांच्या १८७६ साली प्रसिद्ध झालेल्या दशांश वर्गीकरणाप्रमाणे देतात. सगळ्या ज्ञानाचे दहा मुख्य वर्ग, त्यांचे दहा-दहा पोटवर्ग, आणि पुढे दशांशचिन्हानंतर हवे तितके बारकावे. मराठी साहित्य ८९१.४६ वर, त्यात कविता ८९१.४६१, नाटक ८९१.४६२, कथा-कादंबरी ८९१.४६३. कण्यावरच्या चिठ्ठीत या आकड्याखाली बहुधा लेखकाच्या आडनावाची आद्याक्षरे असतात. आकडे दशांशाचे आहेत हे विसरले की माणूस फसतो. समुद्रातल्या मासेमारीचा अंक ६३९.२२ आणि मत्स्यशेतीचा ६३९.३. बावीस तीनपेक्षा मोठे म्हणून मासेमारीचे पुस्तक पुढच्या फळीवर शोधणारे पुष्कळ. ते असते मत्स्यशेतीच्या आधी.

पत्ता सापडतो तालिकेत, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांच्या सूचीत. पूर्वी तालिका म्हणजे लाकडी खणांत दांडीत ओवलेली कार्डे. आता तिची जागा संगणकावरच्या ‘ओपॅक’ने घेतली आहे. त्यासाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या ग्रंथालय-जाळ्याच्या केंद्राची ‘सोल’ ही प्रणाली वापरतात, किंवा न्यूझीलंडमध्ये तयार झालेली ‘कोहा’ (माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट). मराठी पुस्तकाची नोंद काही ठिकाणी रोमन लिपीत केलेली असते आणि ‘क्ष’चे स्पेलिंग नोंद करणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते. पूर्ण नाव टाकून काही आले नाही, तर शीर्षकातला सोपा शब्द एकटा टाकून पाहावा.

ओपॅक ‘उपलब्ध’ म्हणते आणि फळीवर पुस्तक नसते, हाही नेहमीचा अनुभव. अशा वेळी वाचनकक्षातली टेबले, परत आलेल्या पुस्तकांचा ढीग आणि शेजारची फळी पाहावी, या क्रमाने. त्याहून जलद उपाय म्हणजे ग्रंथालयाच्या शिपायाला विचारणे. ‘गावला काय गो?’ म्हणत तो मागून येतो आणि न बघता हात घालून पुस्तक काढतो. वाचकाचा वेळ वाचवा, हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१ च्या पाच सूत्रांपैकी चौथे सूत्र. प्रत्यक्षात ते पाळतो हा माणूस.

पुस्तक काउंटरवर आले की पत्त्याचे काम संपते आणि दाखल अंकाचे सुरू होते. जुन्या पद्धतीत विद्यार्थ्याला जितकी पुस्तके मिळायची तितकी खिशाच्या आकाराची तिकिटे दिली जात. पुस्तकाच्या आतल्या पाकिटातले, दाखल अंक लिहिलेले कार्ड काढून त्या तिकिटात सरकवायचे, ही जोडी परतीच्या तारखेमागे खणात लावायची आणि पुस्तकात चिकटवलेल्या तारीखपट्टीवर शिक्का मारायचा. पुस्तक परत आले की जोडी सुटे, तिकीट हातात येई. बारकोडने हे सगळे स्कॅनरच्या एका झटक्यावर आणले. तारीखपट्टी मात्र काही ठिकाणी टिकून आहे, आणि ती टिकावी: पुस्तक शेवटचे कधी बाहेर पडले होते ते तिच्यावर दिसते.

किती पुस्तके, किती दिवस आणि दंड किती, हे ज्या-त्या महाविद्यालयाचे नियम ठरवतात. संदर्भग्रंथ आणि नियतकालिकांचे ताजे अंक सहसा घरी देत नाहीत. परतीची तारीख गणपतीच्या सुट्टीत पडली तर ती पुढच्या कामकाजाच्या दिवशी धरण्याचा प्रघात आहे. वाडीतून एसटीने येणाऱ्याचे गणित वेगळे: दुपारची गाडी चुकवायची नसेल तर शेवटच्या तासाआधीच काउंटर गाठावा लागतो.

पावसाळा हा इथला खरा अडसर. रत्नागिरीत वर्षाला सरासरी ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. दमट हवेत बांधणीच्या खळीला बुरशी धरते, कसर पाने चरते. म्हणून कपाटे भिंतीपासून थोडी सुटी ठेवतात. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी नदीच्या पुराने चिपळूणच्या वाचन मंदिराचीही मोठी हानी केली. घरी नेलेले पुस्तक प्लॅस्टिकच्या पिशवीत घालणे इथे शिष्टाचारापेक्षा जास्त आहे. भिजलेच तर उन्हात टाकू नये, पाने आकसून वाकतात. पानांत टीपकागद घालून पंख्याखाली वाळवावे. गुळगुळीत कागदाची चित्रमय पाने मात्र एकदा चिकटून वाळली की सुटत नाहीत.

पुस्तक हरवले तर सहसा त्याच आवृत्तीची प्रत आणून द्यावी लागते किंवा किंमत भरावी लागते. तोवर ‘नो ड्यूज’, म्हणजे काही येणे बाकी नसल्याचा दाखला, मिळत नाही. नव्या प्रतीला नवा दाखल अंक पडतो. वर्गांक तोच असल्याने ती जुनीच्याच जागी फळीवर बसते. नोंदवहीत जुन्या अंकासमोर ‘हरवले’ असा शेरा येतो आणि तो अंक पुन्हा कोणत्याही पुस्तकाला देत नाहीत.