कागदावरचा देश

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात एक शेत आहे. तिथे राहणाऱ्यांच्या दारात कित्येक वर्षं वेळीअवेळी पोलीस यायचे, केंद्रीय तपास यंत्रणांची माणसं यायची, कुणाचा तरी जीव वाचवायला निघालेली रुग्णवाहिका यायची. ‘मला फसवणारे तुम्हीच’ म्हणत अनोळखी लोक भांडायला यायचे. शेवटी तिथल्या शेरीफने वाटेवर पाटी लावली, की या घराच्या वाटेला जाऊ नका, आधी मला फोन करा.

उलगडा २०१६ मध्ये झाला, तोही एका पत्रकारामुळे. इंटरनेटला जोडलेल्या यंत्रांचे पत्ते, म्हणजे आयपी पत्ते, नकाशावर कुठे येतात हे सांगणारी मॅक्समाइंड नावाची कंपनी आहे. ज्या पत्त्यांबद्दल ‘अमेरिकेत आहे’ यापलीकडे तिला काहीच ठाऊक नव्हतं, त्या सगळ्यांना तिने देशाच्या मध्याजवळचा एकच बिंदू देऊन टाकला होता. आकडे सुटसुटीत दिसावेत म्हणून दशांश कापले, आणि बिंदू नेमका या घराच्या अंगणात पडला. साठ कोटींहून जास्त पत्ते एका अंगणात! कंपनीने मग तो उचलून एका तलावात नेऊन ठेवला. माशांकडे कोण चौकशीला जाणार?

परदेशी मालिका लावायला गेलं की ‘हा कार्यक्रम तुमच्या देशात उपलब्ध नाही’ अशी पाटी येते, ती ‘कोणता पत्ता कुठला’ हे लिहिलेल्या अशाच वह्यांच्या भरवशावर.

पिनकोडला भूगोल असतो. ४११ म्हटलं की पुणे, ४०३ म्हटलं की गोवा. इंटरनेटच्या आयपी पत्त्यात असं काहीही नसतं. जुन्या पद्धतीचे, म्हणजे ३२ बिटांचे, पत्ते एकूण सुमारे ४२९ कोटी. त्यांचे गठ्ठे जगातल्या पाच प्रादेशिक संस्थांकडे दिले गेले. आपल्या भागाची संस्था ऑस्ट्रेलियात, ब्रिस्बेनला आहे. कोणता गठ्ठा कोणत्या कंपनीला दिला याची नोंद या संस्थांकडे असते. मॅक्समाइंडसारख्या कंपन्या त्यावर आपली माहिती चढवतात आणि ती वही विकतात. फेब्रुवारी २०११ मध्ये वाटायचे मुख्य गठ्ठे संपले, तेव्हापासून पत्त्यांची खरेदी-विक्री सुरू झाली. जमीन विकली तरी सातबारा तिथल्या तिथे बदलत नाही, तसंच इथेही. युरोपातल्या कंपनीचा गठ्ठा आशियात आला, तरी कुठल्यातरी वहीत तो काही काळ युरोपातच राहतो.

बरं, देश विचारायचाच कशाला? कारण हक्क देशागणिक विकले जातात. आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रसारण हक्क एकूण ४८,३९० कोटींना गेले. त्यात भारतीय उपखंडातलं टीव्ही प्रसारण वेगळं विकलं, डिजिटल वेगळं, परदेश वेगळा. ज्याने एका देशापुरते पैसे मोजले, त्याने शेजारच्या देशात चित्र दाखवलं तर तिथला खरेदीदार गप्प बसणार नाही. प्रेक्षकाला हे सगळं विचित्र वाटतं, आणि माझं मत विचाराल तर ते आहेच. पैसे द्यायला तयार असलेल्या गिऱ्हाइकाला परत पाठवणारं दुसरं दुकान सहसा सापडत नाही.

न्यूझीलंडमध्ये याची गंमत झाली. २०१३ मध्ये स्लिंगशॉट या इंटरनेट कंपनीने ‘ग्लोबल मोड’ नावाची, परदेशातल्या सेवा घरबसल्या उघडून देणारी सोय सुरू केली. परदेशातून आलेल्या पाहुण्यांना आपल्या देशातल्या सेवा पाहता याव्यात, असं तिचं कारण दिलं होतं. इतके पाहुणे न्यूझीलंडच्या घराघरांत उतरले होते की काय, कोण जाणे. २०१५ मध्ये तिथल्या चार प्रसारण कंपन्या कोर्टात गेल्या, तडजोड झाली आणि १ सप्टेंबरपासून सोय बंद पडली. नेटफ्लिक्स त्याआधीच, मार्चमध्ये, तिथे अधिकृतपणे पोचलं होतं. पुढे ६ जानेवारी २०१६ रोजी त्याने भारतासह १३० देश एकाच दिवशी उघडले, आणि आठ दिवसांत जाहीर केलं की आडवाटेने येणाऱ्यांना आता अडवू.

ही आडवाट म्हणजे बहुतेकदा व्हीपीएन. कल्पना साधी आहे: पाकिटात पाकीट. तुमचा फोन मालिकेची मागणी एका पाकिटात घालतो, ते पाकीट मोहोरबंद करून दुसऱ्या पाकिटात घालतो आणि त्यावर, समजा, लंडनमधल्या सर्व्हरचा पत्ता लिहितो. तो सर्व्हर बाहेरचं पाकीट फोडतो आणि आतलं पुढे धाडताना त्यावर पाठवणारा म्हणून स्वतःचा पत्ता टाकतो. मालिकावाल्यांना वाटतं, लंडनहून कुणी मागतंय. वायरगार्ड या पद्धतीत बाहेरच्या पाकिटाचं वजन साधारण ६० बाइट, आणि पूर्ण पाकीट बहुधा १,५०० बाइटांचं. म्हणजे भार फार नाही.

मग पकडतात कसं? लंडनचा तो पत्ता घरातला नसतो, सर्व्हरच्या गोदामातला असतो. गोदामात बसून शेकडो खाती एकाच पत्त्यावरून रात्री मालिका बघताहेत, हे कुणालाही खटकेल. संशय आला की नेटफ्लिक्स फक्त तेवढेच कार्यक्रम दाखवतं, ज्यांचे हक्क त्याच्याकडे जगभराचे आहेत. म्हणून काही व्हीपीएन सेवांना घरगुती पत्ते हवे असतात. ‘फुकट ते पौष्टिक’ म्हणून होला ही सेवा घेणाऱ्यांना २०१५ मध्ये कळलं, की त्यांच्याच घरची जोडणी तिसऱ्यांना विकली जात होती. तुमच्या पत्त्याआडून कोण काय करतंय, याचा तुम्हाला पत्ता नाही.

वही चुकते, पाकिटावर खोटं लिहिता येतं. वेळेच्या बाबतीत मात्र इतकं सोपं नाही. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. मुंबई ते लंडन अंतर साधारण ७,२०० किलोमीटर, जाऊन येऊन १४,४००. म्हणजे मुंबईहून पाठवलेल्या हाकेला लंडनचं उत्तर ७२ मिलिसेकंदांच्या आत येणं शक्य नाही. समुद्रातल्या केबल सरळ रेषेत जात नाहीत, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून जास्तच लागतात. पण ही फूटपट्टी एकाच बाजूने चालते. उत्तर उशिरा आलं तर वायफाय वाईट असेल, राउटर गर्दीत असेल, मोबाइल टॉवर लांब असेल. उशिराला शंभर सबबी असतात, वाजवीपेक्षा लवकर येण्याला एकही नसते. त्यामुळे ‘तू इथे नाहीस’ हे उशिरावरून ठामपणे म्हणता येत नाही, पण ‘तू इतक्या किलोमीटरांच्या आतच आहेस’ हे लवकर आलेल्या उत्तरावरून छातीठोकपणे म्हणता येतं.

हे आपल्या परदेशातल्या मंडळींना घरबसल्या तपासता येईल. एप्रिल २०२२ मध्ये सायबरसुरक्षा बघणाऱ्या भारताच्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं, पत्ते आणि दिलेले आयपी पाच वर्षं जपायला सांगितले. व्हीपीएन वापरण्यावर सरसकट बंदी आली नाही, पण नोंदी ठेवणं नको म्हणून काही कंपन्यांनी भारतातली यंत्रंच हलवली. एक्स्प्रेसव्हीपीएनने त्याच वर्षी जूनमध्ये भारतीय पत्ते चालू ठेवले आणि यंत्रं सिंगापूर व ब्रिटनमध्ये नेली. भारतापुरता असलेला मराठी कार्यक्रम बघायला लंडनचा माणूस तिथे ‘भारत, मार्गे ब्रिटन’ हा पर्याय निवडतो. वहीत तो भारतात पोचतो आणि कार्यक्रम सुरू होऊ शकतो. त्याने त्या ‘भारताला’ हाक मारून, म्हणजे पिंग करून, पाहावी. दहा मिलिसेकंदांत ओ आली, तर तो भारत त्याच्यापासून हजार किलोमीटरांच्या आत कुठेतरी उभा आहे.