हिरवळीवरची फवारणी आणि कोणी न मागितलेला दाखला

ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने ग्लायफोसेट या तणनाशकाबद्दल एक अधिसूचना काढली. औषधावर बंदी घातली नाही, पण ते फक्त कीडनियंत्रण व्यावसायिकांनीच वापरायचं, इतर कुणीही नाही, असं तिच्यात म्हटलं. त्यामागे माणसाच्या आणि जनावरांच्या आरोग्याला असलेला धोका हे कारण दिलं होतं. उत्पादक कंपन्यांच्या संघटनेने तिला दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान दिलं. हे औषध आपल्याकडे चहाच्या मळ्यांसाठी आणि बिगरपिकाच्या जागेसाठी नोंदलेलं. आपल्या गोव्यात चहा नाही. बिगरपिकाची जागा मात्र भरपूर: पेव्हर्सच्या फटी, कंपाउंडच्या कडा, पार्किंग, रस्त्याच्या बाजू. म्हणून या अधिसूचनेचा गोव्यातला अर्थ शेतकऱ्यापेक्षा माळ्याच्या आणि लँडस्केपिंगच्या ठेकेदाराच्या वाट्याला जास्त येतो. औषध कोण मारणार, हा प्रश्न इतक्या उघडपणे विचारला जायला आपल्याकडे अर्धं शतक गेलं. ते का, हे समजण्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

कीटकनाशकांवरचा आपला कायदा एका विषबाधेतून जन्माला आला. १९५८ च्या उन्हाळ्यात केरळ आणि तेव्हाच्या मद्रास राज्यात शंभरावर माणसं दगावली. गव्हाच्या पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळलं गेलं होतं. पीठ आणि विषारी औषध यांची वाहतूक एकत्र झाली आणि गळलेलं औषध पिठात उतरलं. मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जे. सी. शहा यांच्या आयोगाने चौकशी केली. पुढे तज्ज्ञ समिती बसली, १९६८ मध्ये कीटकनाशक कायदा झाला आणि १९७१ मध्ये त्याचे नियम आले. घटना साठवणुकीतली आणि वाहतुकीतली, त्यामुळे कायद्याची नजरही तिकडेच राहिली. औषधाची नोंदणी, कारखान्याचा परवाना, दुकानाचा परवाना, डब्यावरचं लेबल, नमुन्यांची तपासणी हे सगळं त्यात तपशिलाने आहे. डब्यावरचा रंगीत त्रिकोणही याच नियमांतला. लाल म्हणजे अतिविषारी, मग उतरत्या क्रमाने पिवळा, निळा आणि हिरवा. माहितीपत्रक हिंदी, इंग्रजी आणि त्या भागात चालणाऱ्या एक-दोन भाषांत असलं पाहिजे, असंही नियम सांगतात.

फवारणाऱ्याचा विचार अजिबात झाला नाही असं नाही. कामगारांची वैद्यकीय तपासणी, संरक्षक कपडे, श्वसनाची साधनं, प्रथमोपचार, उतारा, सुरक्षिततेचं प्रशिक्षण हे सगळं नियमांत लिहिलेलं आहे. पण ती जबाबदारी मालकावर टाकलेली आहे. पंप पाठीवर घेणाऱ्याने आधी काही शिकून, परीक्षा देऊन दाखला मिळवावा, अशी अट कुठेच नाही. शिवाय स्वतःच्या घरगुती वापरासाठी, परसबागेसाठी किंवा स्वतः कसत असलेल्या जमिनीवर औषध वापरणाऱ्याला कायद्याच्या ३८ व्या कलमाने सूटच दिली आहे. १९६८ च्या भारतात ही सूट समजण्यासारखी होती. अल्पभूधारक शेतकऱ्याला परवान्यासाठी तालुक्याला खेपा घालायला लावणं कुणालाच मान्य झालं नसतं.

प्रश्न असा की हॉटेलची हिरवळ या सुटीत बसते का? ती परसबाग नाही आणि कसलेली जमीनही नाही. पैसे घेऊन दुसऱ्याच्या जागेत औषध मारणं हे नियमांच्या भाषेत व्यावसायिक कीडनियंत्रण, आणि त्याला परवाना लागतो. पण हॉटेलच्या पगारावरचा माळी हॉटेलच्याच बागेत पंप चालवतो तेव्हा त्याला व्यावसायिक म्हणायचं की खाजगी वापर करणारा? व्यवहारात तो खाजगी धरला जातो आणि कोणी काही विचारत नाही.

योग्यतेची कडक अट आपल्या नियमांत एका ठिकाणी नक्की आहे. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड किंवा मिथाइल ब्रोमाइडसारख्या, गोदामातल्या धान्याला वगैरे धुरी देण्याच्या औषधांसाठी. ती वापरणाऱ्या व्यावसायिकाकडे कृषीची पदवी किंवा रसायनशास्त्र घेऊन विज्ञानाची पदवी हवी आणि त्यावर किमान १५ दिवसांचं प्रशिक्षण, तेही ठरलेल्या संस्थांतून: म्हैसूरची अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था, हापुडची धान्य साठवण संस्था किंवा हैदराबादची वनस्पती संरक्षण संस्था. ही हैदराबादची संस्था १९६६ मध्ये प्रशिक्षण केंद्र म्हणून सुरू झाली आणि २००८ पासून राष्ट्रीय वनस्पती आरोग्य व्यवस्थापन संस्था या नावाने स्वायत्त झाली. म्हणजे अभ्यासक्रम, प्रशिक्षक, दाखला देण्याची पद्धत हे सगळं देशात आहे. ते गोदामापर्यंत पोहोचलं, बागेपर्यंत आलं नाही.

गोव्याला फवारणीचं शिक्षण नवीन नाही, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुपारीच्या कोळेरोगावर, म्हणजे पावसाळ्यात घड कुजवणाऱ्या बुरशीवर, बोर्डो मिश्रण मारण्याची रीत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन यांनी बसवली आणि ती घाटाखालच्या कुळागरांतही, म्हणजे सुपारीच्या बागांतही, रुजली. एक टक्क्याचं मिश्रण म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, लोखंडाच्या भांड्यात मोरचूद घालायचा नाही. मिश्रण झालं की घासलेला कोयता त्यात थोडा वेळ बुडवून बघायचा. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडलाय, अजून घाला. नाहीतर घड भाजतात. पहिली फवारणी पावसाआधी, दुसरी साधारण दीड महिन्याने, उघडीप बघून. फोंडा, सत्तरी, सांगेच्या कुळागरांत हे ज्ञान बापाकडून मुलाकडे आणि जुन्या गड्याकडून नव्याकडे गेलं. कागद नव्हता, पण प्रमाण, परीक्षा आणि वेळ या तिन्ही गोष्टी पक्क्या होत्या.

हिरवळीच्या वाट्याला अशी परंपरा आली नाही. १९७० च्या दशकात सिकेरीला आग्वादच्या किल्ल्यालगत पहिलं मोठं रिसॉर्ट उभं राहिलं. १९८३ मध्ये राष्ट्रकुल देशांचे प्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात आले आणि त्यानंतरच्या वर्षांत चार्टर विमानं सुरू झाली. किनाऱ्यावरच्या माडांच्या भाटांत, म्हणजे बागांत, गालिचासारखं गवत अंथरलं गेलं. या गवताला पावसाळ्यात बुरशी, पाऊस सरला की हुमणी, आणि बारा महिने लव्हाळा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण, शोभेच्या ताडांवर सोंड्या भुंगा. पाहुण्याला पान कुरतडलेलं दिसता कामा नये, ही अपेक्षा शेतात कधीच नसते. शेतकरी थोडं नुकसान सोसतो, कारण औषधाला पैसे लागतात. हॉटेलला औषधाचा खर्च किरकोळ असतो. म्हणून शोभेच्या बागेत गरजेपेक्षा जास्त फवारणी होण्याचा ओढा मुळातच आहे. १९९३ मध्ये आशियातल्या संघटनांनी गोल्फ मैदानांविरुद्ध जागतिक मोहीम उघडली तेव्हा पाण्याबरोबरच रसायनांचा वापर हा त्यांचा मोठा आक्षेप होता. गोव्यातही त्या काळात गोल्फच्या प्रस्तावांना विरोध झाला. चर्चा मैदान हवं की नको एवढ्यावर थांबली. जी हिरवळ आधीच आहे तिच्यावर कोण काय मारतंय, ते मागेच राहिलं.

आता हे क्षेत्र हॉटेलांपुरतं उरलेलं नाही. पणजीतलं गार्सिया द ओर्ता उद्यान, कांपालच्या बागा, मडगावचं पालिका उद्यान, पर्वरीतल्या सोसायट्या, आसगाव-शिवोलीकडचे बंगले, शाळांची मैदानं. बहुतेक ठिकाणी काम ठेक्यावर. पंप चालवणारा मजूर कर्नाटकातून, ओडिशातून, झारखंडातून आलेला. त्याला पत्रकावरची मराठी किंवा इंग्रजी वाचता येईलच असं नाही. मुकादम सांगतो, “एका पंपाला दोन झाकणं,” आणि तोच त्याचा अभ्यासक्रम.

झाकणाने प्रमाण का ठरत नाही, हे एका साध्या हिशेबावरून दिसतं. पंपात नुसतं पाणी भरा आणि नोझलमधून मिनिटाला किती पडतं ते मापात धरा. समजा ६०० मिली. फवाऱ्याचा पट्टा एक मीटर रुंद, माणूस मिनिटाला ५० मीटर चालतो. म्हणजे मिनिटात ५० चौरस मीटर भिजले, दर चौरस मीटरला १२ मिली, हेक्टरी १२० लिटर. १५ लिटरचा पंप १,२५० चौरस मीटरला पुरला. लेबलवर हेक्टरी एक लिटर औषध सांगितलं असेल तर या पंपात १२५ मिली जायला हवं. तोच माणूस दमून निम्म्या वेगाने चालला तर तेवढ्याच जागेवर दुप्पट औषध पडतं. नोझल झिजलं तर हिशेब पुन्हा बदलतो. दहा मिनिटांत शिकवता येईल असं हे गणित आहे, पण ते कुणीतरी समोर उभं राहून, पंप हातात देऊन शिकवावं लागतं.

ब्रिटनमध्ये नेमकं हेच परीक्षेत विचारतात. तिथे १९८५ चा कायदा आणि १९८६ चे नियम आले आणि ठेक्याने फवारणाऱ्याला क्षमतेचा दाखला सक्तीचा झाला. परीक्षेचा पाया ‘पीए-वन’, आणि पाठीवरच्या पंपासाठी ‘पीए-सिक्स’. परीक्षकापुढे नोझल तपासायचं, पाणी मोजायचं, चालून दाखवायचं, रिकामा डबा तीनदा धुऊन ते पाणी पंपात ओतायचं. उद्यानातला माळी आणि शेतातला मजूर दोघांना तोच दाखला. १९६४ अखेरपर्यंत जन्मलेल्यांना स्वतःच्या जमिनीपुरती सूट होती. तीही नोव्हेंबर २०१५ मध्ये संपली. अमेरिकेत १९७२ च्या दुरुस्तीनंतर मर्यादित वापराच्या औषधांसाठी प्रमाणित फवारणीकार ठरले आणि त्यांच्या वर्गांत शोभेची झाडं व हिरवळ हा स्वतंत्र वर्ग आहे. युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशाने सार्वजनिक बागा, खेळाची मैदानं, शाळांचे आवार आणि दवाखान्यांचा परिसर इथे वापर कमीत कमी करा किंवा बंद करा, असं सांगितलं. फ्रान्सने २०१७ पासून सार्वजनिक हिरवळीवर रासायनिक औषधं जवळपास बंदच केली. बागेत मुलं लोळतात, म्हणून शेतापेक्षा बागेचे नियम कडक हवेत, हा विचार या सगळ्यामागे आहे.

आपल्याकडे विचार पुढे सरकला तो प्रत्येक वेळी कुणीतरी मेल्यावर. १९८४ चं भोपाळ कीटकनाशकाच्याच कारखान्यातलं. केरळातल्या कासरगोडच्या काजूच्या मळ्यांवर विमानातून एंडोसल्फान मारलं गेलं, त्याचे हाल दोन दशकांहून जास्त काळ गाजले आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते औषध थांबवलं. काजू हे गोव्याचंही पीक. ती बातमी आपल्याकडे परकी वाटायला नको होती. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळमध्ये कपाशीवर फवारताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. छातीपेक्षा उंच झालेली कपाशी, दोन-तीन औषधांचं घरच्या घरी केलेलं मिश्रण, अंगावर साधा शर्ट. तिथेही औषध नोंदलेलं आणि दुकान परवान्याचं होतं. वापरणाऱ्याला शिकवणारं मात्र कोणी नव्हतं. पुढच्याच वर्षी केंद्राने १८ औषधांवर बंदीचा आदेश काढला. त्यातली १२ लगेच आणि डायक्लोरव्हॉससह सहा २०२० अखेर.

प्रशिक्षणाची सक्ती आली ती दुकानदारावर. हैदराबादच्या ‘मॅनेज’ संस्थेने २००३ मध्ये कृषी निविष्ठा (बी, खत, औषध) विक्रेत्यांसाठी वर्षभराची पदविका सुरू केली. २०१५ च्या नियमदुरुस्तीनंतर विक्रीच्या परवान्याला शिक्षणाची अट लागली आणि जुन्या विक्रेत्यांसाठी पुढे बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम आला. हे चांगलंच झालं. पण हॉटेल किंवा ठेकेदार घाऊक माल मागवतो तेव्हा पंपवाला दुकानदाराच्या समोर येतच नाही, मग त्या शिक्षणाचा उपयोग त्याला कसा होणार? वापरणाऱ्यासाठी कृषी कौशल्य परिषदेने माळी आणि कीटकनाशक-खत फवारणीकार अशा भूमिकांचे अभ्यासक्रम आखले आहेत. ते ऐच्छिक आहेत. १९६८ चा कायदा बदलण्यासाठी २००८ आणि २०२० मध्ये विधेयकं संसदेत मांडली गेली, पण कायदा झाला नाही.

गोव्यात शिकवणारी माणसं आहेत. जुन्या गोव्यात भारतीय कृषी संशोधन परिषदेचं केंद्र १९७६ पासून आहे. २०१४ पासून ते किनारी शेतीसाठीची केंद्रीय संस्था म्हणून काम करतं. उत्तर आणि दक्षिण दोन्ही जिल्ह्यांत कृषी विज्ञान केंद्रं आहेत. कृषी पदवीसाठी पूर्वी आपल्या मुलांना दापोलीला नाहीतर धारवाडला जावं लागे. २०१५ मध्ये केप्यातल्या सुळकर्णे इथे कृषी महाविद्यालय निघालं. या सगळ्यांचं तोंड शेतकऱ्याकडे आहे आणि ते योग्यच आहे. पण ज्या राज्यात हिरवळी वाढतायत, पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो, जांभ्या दगडातून पाणी झरझर खाली उतरतं आणि अंगणातल्या विहिरीचं पाणी अजून घरात वापरतात, तिथे माळ्याला या वर्गांत बसवणं तातडीचं आहे.

त्यासाठी संसदेची वाट पाहायची गरज नाही. उद्यानाच्या देखभालीची निविदा पालिकाच काढते. फवारणी करणाऱ्या प्रत्येकाकडे प्रशिक्षणाचा दाखला हवा, पंपाची मोजणी वर्षातून एकदा करून दाखवावी, कोणतं औषध कधी आणि किती मारलं याची वही ठेवावी आणि फवारणीच्या दिवशी फाटकावर मराठी-कोंकणीत सूचना लावावी, या चार ओळी निविदेत घालायला कोणताही कायदा आड येत नाही.