झिदानला रेड कार्डानं निवृत्त केलं नाही

‘एका धडकेनं झिदानची कारकीर्द संपली’ हे फ्रान्सच्या या फुटबॉलपटूबद्दलचं वाक्य दर वर्ल्डकपला नव्यानं फिरतं. तारखा लावून बघा, लगेच गडबड कळते.

बर्लिनची फ्रान्स-इटली वर्ल्डकप फायनल ९ जुलै २००६ची. निवृत्ती त्यानं एप्रिलमध्येच जाहीर केली होती, तीही रेआल माद्रिद या त्याच्या क्लबशी वर्षभराचा करार शिल्लक असताना. ७ मेला क्लबच्या बर्नाबेऊ मैदानावर व्हियारेआलविरुद्ध निरोपाचा सामना झाला, तेव्हा अख्ख्या संघाच्या जर्सीवर क्लबच्या चिन्हाखाली ‘झिदान २००१-२००६’ लिहिलेलं होतं. फायनलमध्ये इटलीच्या मातेराझीच्या छातीत डोकं घातलं ते ११०व्या मिनिटाला. म्हणजे कार्ड मिळालं नसतं, तरी थोड्या वेळानं तो बूट काढून ठेवणारच होता!

‘तो गेला म्हणून फ्रान्स हरला’ हेही जरा सैल बोलणं. स्कोअर १-१च राहिला. पेनल्टी शूटआउटमध्ये फ्रान्सच्या त्रेझेगेचा फटका क्रॉसबारला लागून गोलरेषेबाहेर पडला. सातव्या मिनिटाला झिदाननं अलगद उचललेली पेनल्टीही क्रॉसबारलाच लागली होती, पण आत पडली. नशीब, दुसरं काय.

बाकी शिक्षा झाली तीन सामन्यांच्या बंदीची. निवृत्त माणसाला ती लावणार कशी? त्याऐवजी त्यानं तीन दिवस समाजसेवा केली. स्पर्धेतल्या सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉल मात्र त्यालाच मिळाला.