गोल्फ मैदानावरील हिरवळीची निगा

गोल्फचे मैदान खेळण्यायोग्य ठेवण्यासाठी गवताची कापणी, वाळूचा थर देणे, जमिनीला छिद्रे पाडणे, पाणी व खत देणे आणि रोगनियंत्रण ही कामे वर्षभर करावी लागतात. टी (पहिला फटका मारण्याची जागा), फेअरवे (तेथून पुढे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा), रफ (कडेचे उंच गवत) व ग्रीन (भोकाभोवतीची अगदी आखूड कापलेली हिरवळ) या भागांपैकी ग्रीनला क्षेत्राच्या मानाने सर्वाधिक श्रम लागतात. तेथील गवत साधारणतः ३ ते ४ मिमी. उंचीवर, वाढीच्या हंगामात बहुधा रोज, कापतात. थंड हवामानात बेंटग्रास हे बारीक पानांचे गवत, तर उष्ण हवामानात हरळीचे बुटके संकरित वाण लावतात.

ग्रीनवर वाळू पसरण्याच्या प्रथेचा उगम निश्चित सांगता येत नाही. स्कॉटलंडमधील प्रेस्टविक व नंतर सेंट अँड्रूज येथील मैदानांची व्यवस्था पाहणारे टॉम मॉरिस (१८२१–१९०८) यांच्याकडून वाळूची हातगाडी चुकून कलंडली आणि त्या जागी गवत जोमाने वाढले, अशी कथा रूढ आहे. तथापि समुद्रकाठच्या त्या मैदानांवर वारा मुळातच वाळू आणून टाकत असल्याने, ही प्रथा एका प्रसंगातून नव्हे तर दीर्घ निरीक्षणातून आकारास आली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

ग्रीनच्या बांधणीसाठी अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने १९६० मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत पुढे व्यापक प्रमाणात स्वीकारली गेली. तीत सुमारे १० सेंमी. खडीच्या थरावर वाळूप्रधान मिश्रणाचा सुमारे ३० सेंमी. थर देतात. बारीक कणांतील केशाकर्षणामुळे (सूक्ष्म पोकळ्यांत पाणी धरून ठेवणाऱ्या बलामुळे) पाणी खडीत लगेच उतरत नाही. वाळूच्या तळाचा भाग जवळजवळ संपृक्त झाल्यावरच ते निचरते, त्यामुळे मुळांना ओलावा मिळतो आणि अतिवृष्टीतही पृष्ठभाग चिखलत नाही. वरच्या थराची जाडी सर्वत्र सारखी ठेवणे येथे निर्णायक ठरते, कारण थर पातळ राहिल्यास ओल मुळांच्या वरच्या भागापर्यंत चढते व जाड झाल्यास पृष्ठभाग लवकर कोरडा पडतो.

मृत खोडे व मुळे साचून बनणारा स्पंजासारखा थर पाणी व हवा अडवतो आणि रोगांना आश्रय देतो. तो विरळ करण्यासाठी पोकळ दाते असलेल्या यंत्राने मातीचे गाभे काढून छिद्रांत वाळू भरतात. खेळाडूंना काही दिवस ही गैरसोय सोसावी लागते, परंतु ती टाळल्यास ग्रीनचा ऱ्हास हळूहळू व निश्चितपणे होतो.

ग्रीनच्या वेगाचे, म्हणजे तिच्यावर चेंडू किती दूर घरंगळतो याचे, मापन एडवर्ड स्टिम्पसन यांनी १९३५ मध्ये योजलेल्या उतरत्या पन्हळीच्या साधनाने करतात. वेग वाढविण्यासाठी कापणीची उंची सतत घटविल्यास पानांचे क्षेत्र व मुळांची खोली दोन्ही कमी होतात. म्हणून हलका रूळ फिरवून वेग राखणे श्रेयस्कर होय.