फुलपाखरांचे छायाचित्रण

मोकळ्या निसर्गातल्या फुलपाखरांना न पकडता त्यांचे फोटो काढण्याचा छंद. पूर्वी फुलपाखरांचा नाद म्हणजे जाळी, विषाची बाटली आणि टाचणी असे समीकरण होते. ब्रिटिश अमदानीतले मोठे संग्रह असेच उभे राहिले. पुढे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या अनुसूचीत, म्हणजे संरक्षित जातींच्या यादीत, आलेल्या जाती पकडणे गुन्हा ठरला. तरी हा छंद हौशी माणसाच्या आवाक्यात आला तो डिजिटल युगात. छत्तीस फोटोंच्या रोलवर एका जागी न ठरणाऱ्या जिवामागे धावणे खिशाला परवडणारे नव्हते.

महाराष्ट्रात या छंदाचा हंगाम पाऊस ओसरला की सुरू होतो आणि दिवाळीनंतरही काही आठवडे चालतो. मुंबई-ठाण्याची मंडळी येऊर, संजय गांधी राष्ट्रीय उद्यान किंवा घोडबंदर रस्त्यालगतची ओवळेकर वाडी गाठतात. त्यापुढे रायगडातले फणसाड, सिंधुदुर्गातली आंबोली आणि तिच्या पायथ्याचे पारपोली. ‘ब्लू मॉरमॉन’ला २०१५ साली राज्य फुलपाखराचा मान मिळाला, असे फुलपाखरू ठरवणारे महाराष्ट्र हे देशातले पहिले राज्य. त्याला राणी पाकोळी म्हणतात, नीलवंतही म्हणतात. अशी गोड मराठी नावे आता बऱ्याच जातींना मिळाली आहेत: हळदीकुंकू, हबशी, बहुरूपी. रानात मात्र हळदीकुंकू दिसले तरी ‘तो बघ जेझबेल’ हे त्याचे इंग्रजी नावच जास्त ऐकू येते.

फुलावरचे फुलपाखरू हा नवख्याचा विषय. मुरलेला माणूस ओढ्याकाठची ओली वाळू शोधतो. तिथे उन्हे चढल्यावर नर फुलपाखरे थव्याने उतरतात आणि सोंड रोवून मातीतले क्षार शोषतात. याला चिखलपान म्हणतात. यातून मिळणारे सोडियम मीलनाच्या वेळी मादीकडे जाते. एरवी पानही हलले तरी उडणारे फुलपाखरू इथे इतके गुंगते, की पोटावर सरपटत हातभर अंतरावर जाता येते. शेण, मूत्राने भिजलेली माती आणि घामेजलेला कॅमेऱ्याचा पट्टाही त्यांना चालतो. खुळखुळा नावाच्या झुडपाच्या वाळक्या फांद्यांवर टायगर आणि हबशी मंडळींचे नर असेच लगडतात; तिथले अल्कलॉइड (वनस्पतीतली रसायने) त्यांना मादीला आकर्षित करणारा गंध तयार करायला लागतात. म्हणून झाडे ओळखणारा माणूस भारी लेन्सवाल्याला सहज मागे टाकतो. मादी अंडी घालायला कुठे येईल हे त्याला ठाऊक असते: कढीपत्ता आणि लिंबू बहुरूपीसाठी, रुई प्लेन टायगरसाठी, टाकळा पिवळ्या गवती फुलपाखरांसाठी.

सकाळी अंग गार असताना फुलपाखरे पंख पसरून ऊन खातात. पंखांची वरची बाजू टिपायची तर हीच वेळ. आपली सावली त्यावर पडू द्यायची नाही आणि ज्या गवताच्या पात्यावर ते बसले त्याला पाय लावायचा नाही. उडालेच तर पाठलाग करू नये. पॅन्सीसारखे आपला इलाका राखणारे नर फिरून त्याच जागी येतात.

साधनांची चर्चा गटागटांत नको तितकी चालते. ९० किंवा १०० मिमीची मॅक्रो (अगदी जवळून टिपणारी) लेन्स पुरते. लाजऱ्या जातींसाठी जवळचे फोकस करणारी ३०० मिमीची टेलिफोटो बरी. खरी अडचण फोकसच्या खोलीची आहे. अगदी जवळून टिपताना लेन्सचे छिद्र एफ/११ इतके बारीक केले तरी जेमतेम काही मिलिमीटर जाडीचा भाग स्पष्ट येतो, म्हणून कॅमेरा पंखाला समांतर धरावा लागतो. नीलवंत मध पितानाही पंख फडफडवत राहतो, तिथे शटर एका सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत न्यावे लागते.

हौशी माणूस वरच्या रंगांवर भाळतो. ओळख पटवणाऱ्याला खालची बाजू हवी असते. गवतातली नखाएवढी ‘ग्रास ब्लू’ वरून सारखीच निळी दिसतात; त्यांना वेगळे करतात ते खालच्या करड्या पंखावरचे ठिपके. याच कुळातल्या अनेक जातींच्या मागच्या पंखांना केसासारखी शेपटी आणि शेजारी काळा डोळा असतो. बसल्या बसल्या पंख एकमेकांवर घासले की ती शेपटी हुबेहूब मिशांसारखी हलते आणि शत्रूची चोच भलत्याच टोकावर पडते. म्हणून मागचा कोपरा तुटलेले फुलपाखरू फोटोत आले तर ते पुसू नये, मोडकेच जपावे. नकलाही फसवतात: डॅनेड एगफ्लायची मादी विषारी प्लेन टायगरची हुबेहूब नक्कल करते, पण टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यावरचे तीन-चार काळे ठिपके तिला नसतात. तारीख आणि ठिकाण जोडलेला असा स्पष्ट फोटो आयनॅचरॅलिस्टसारख्या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर गेला आणि इतरांनी ओळखीला दुजोरा दिला की ती पक्की नोंद होते.

फुलपाखराला फ्रिजमध्ये गारठवून फुलावर ठेवणे ही या छंदातली कुप्रसिद्ध लबाडी. घरी वाढवलेल्यांबाबत मात्र मतभेद आहेत. गॅलरीतल्या कढीपत्त्यावर बहुरूपीची अंडी सापडतात. पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी हिरवी होते, कोष करते, आणि एका सकाळी ओलसर पंख लोंबकळत ठेवून नवे फुलपाखरू पंख वाळेपर्यंत हलत नाही. इतका शहाणा मॉडेल रानात मिळत नाही. तो फोटो टाकताना ‘घरी वाढवलेले’ असे लिहावे, एवढीच जाणकारांची अट असते.