रुईची गाठ आणि विमानातला धूर

दिवाळीनंतर आमच्या भागात जिनिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुई वेगळी करायचं काम, सुरू झालं, की आगीची धास्तीही सुरू होते. रुईच्या गाठीत ठिणगी शिरली तर ज्वाळा दिसत नाही, आधी जळका वास येतो. वरून पाणी मारलं, धूर बसला, तरी जुना हमाल गाठीवर हात टेकवून बघतो. गरम लागली की गाठ बाजूला ओढायची, पट्ट्या तोडायच्या, रुई मोकळी करायची. नाहीतर ती आतल्या आत धुमसत राहते.

विमानातली सगळ्यात घातक आग याच जातीची. केबिनमध्ये धुराचा वास आला, की कर्मचारी भिंतीवरून, छतावरून हाताची पाठ फिरवत गरम जागा शोधतात. २ सप्टेंबर १९९८ ला न्यूयॉर्कहून जिनिव्हाला निघालेल्या स्विसएअरच्या विमानात वैमानिकांना सुरुवातीला नुसता वास आला होता. आग छताच्या आत, उष्णतारोधक आच्छादनातून पसरत होती. पहिल्या वासापासून विमान समुद्रात कोसळेपर्यंत साधारण २१ मिनिटं. २२९ जण गेले. म्हणून आता वैमानिक आधी स्वतःचा ऑक्सिजन मास्क चढवतो आणि धुराचं मूळ सापडायची वाट न पाहता जवळच्या विमानतळाकडे वळतो. वेचणी करताना आपल्या डोक्यावरून पांढरी रेघ ओढत जाणाऱ्या विमानासाठी तो विमानतळ नागपूरचा असू शकतो.

प्रवाशांचे वरून लोंबणारे मास्क मात्र धुरात कामाचे नाहीत. ते हवेचा दाब कमी झाला तर वापरायचे. त्यात केबिनची हवाही मिसळते, म्हणजे धूर आत येणारच. त्यापेक्षा ओला रुमाल नाकातोंडावर धरा आणि खाली वाका. गरम धूर वर चढतो, खाली श्वास घेण्याजोगी हवा जास्त वेळ टिकते.

पॉवर बँकेचं तर अगदी गाठीसारखंच. हॅलॉन वायूने ज्वाळा विझते, पण लिथियम बॅटरीच्या आत उष्णता तयार होतच राहते. एक कप्पा तापला की शेजारचा पेटतो. म्हणून ज्वाळा विझल्यावरही त्यावर पाणी ओतत राहावं लागतं. बर्फ ठेवायचा नाही, त्याखाली उष्णता कोंडते. पॉवर बँक विमानाच्या पोटातल्या सामानाच्या कप्प्यात चालत नाही ती याचसाठी: तिथे हॅलॉन सोडता येतो, पण पाणी ओतायला माणूस पोचत नाही.

आणि फोन सीटच्या फटीत घसरला, तर सीट मागेपुढे करू नका. चेपलेली बॅटरी पेट घेऊ शकते. कर्मचाऱ्याला हाक मारा, ते काढून देतात.