भेगांमध्ये सापडलेली सेनापती

कासवाच्या पोटाकडच्या कवचावर एक प्रश्न कोरलेला आहे. फू हाओ बाळंत होणार आहे, सगळं नीट पार पडेल ना? त्याखाली राजाने कवच तापवून पाडलेल्या भेगा वाचून सांगितलेलं उत्तर आहे: अमुक वारी बाळंत झाली तर चांगलं, तमुक वारी झाली तर फारच शुभ. आणि त्याच्यापुढे, नंतर कोरलेली नोंद: 31 दिवसांनी, भलत्याच वारी बाळंत झाली. चांगलं झालं नाही. मुलगी झाली.

हे कवच सव्वातीन हजार वर्षांपूर्वीचं आहे, चीनमधल्या शांग घराण्याच्या काळातलं. राजाचं नाव वू डिंग. ज्या राणीच्या बाळंतपणाची ही काळजी चालली होती, तीच कौल लावलेल्या अशाच इतर हाडांवर फौज घेऊन निघालेली दिसते. चीनच्या लिखित इतिहासात नावानिशी भेटणाऱ्या अगदी पहिल्या सेनापतींपैकी ती एक. मला तिची गोष्ट विलक्षण वाटते ती एका कारणासाठी. तिचं चरित्र कुणीच लिहिलेलं नाही. तिच्याबद्दल जे कळतं ते तिच्याविषयी विचारलेल्या प्रश्नांतून.

तिच्यानंतर हजारेक वर्षांनी सिमा छियेन या इतिहासकाराने चीनचा मोठा इतिहास लिहिला. त्यात वू डिंग आहे, त्याचा प्रधान आहे, फू हाओ नाही. पुढच्या पिढ्यांच्या ग्रंथांतही नाही. 1899 मध्ये वांग यीरोंग या विद्वान अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की औषधात कुटून घालायची ‘ड्रॅगनची हाडं’ म्हणून विकल्या जाणाऱ्या जुन्या हाडांवर अक्षरं आहेत. ती हाडं यायची हनान प्रांतातल्या आन्यांगजवळच्या शेतांतून, म्हणजे शांग राजांच्या शेवटच्या राजधानीच्या जागेवरून. 1928 पासून तिथे पद्धतशीर उत्खनन सुरू झालं. हाडं वाचली जाऊ लागली तसं हे नाव पुन्हा पुन्हा समोर येऊ लागलं. दोनशेहून अधिक नोंदींत ती आहे.

ही हाडं बोलायची कशी, ते जवळून पाहण्यासारखं आहे. बैलाच्या खांद्याचं चपटं हाड किंवा कासवाचं कवच घ्यायचं, घासून साफ करायचं. मागच्या बाजूला एक लांबट खाच कोरायची आणि तिला लागून एक गोल खळगा. आरपार भोक पाडायचं नाही, पातळसा पापुद्रा शिल्लक ठेवायचा. मग त्या खळग्यात जळती काडी किंवा निखारा टेकवायचा. तापलेला भाग प्रसरण पावतो, आजूबाजूचं थंड हाड त्याला पसरू देत नाही, ताण वाढत जातो आणि जिथे हाड सगळ्यात पातळ आहे तिथे पुढच्या बाजूने तडकन भेग जाते. लांबट खाचेमुळे उभी भेग, गोल खळग्यामुळे तिला फुटलेला आडवा फाटा. म्हणजे भेगेचा साधारण आकार खाच कोरणाऱ्याने आधीच ठरवलेला असायचा. आडवा फाटा कुठल्या कोनात गेला यावरून कौल सांगितला जाई. चिनी लिपीत ‘कौल लावणे’ याचं चिन्ह आजही तसंच आहे: एक उभी रेघ आणि तिला फुटलेला छोटा फाटा. त्या शब्दाचा प्राचीन उच्चारही हाड तडकण्याच्या आवाजासारखा असावा, असं भाषातज्ज्ञ मानतात.

प्रश्न भेगेशेजारी कोरून ठेवत. विचारल्याचा दिवस, विचारणाऱ्याचं नाव, प्रश्न, कधी राजाचं भाकीत, आणि क्वचित पुढे खरोखर काय घडलं तेही. भाकीत आणि निकाल एकाच जागी लिहून ठेवण्याची ही शिस्त मला फार मोलाची वाटते. ती नसती तर बाळंतपणाची ती ओळ आपल्यापर्यंत आलीच नसती.

आता युद्धाचे प्रश्न. एका नोंदीत विचारलंय: फू हाओचे 3,000 लोक उभे करावेत, त्यात 10,000 फौज मिळवावी आणि छ्यांग लोकांवर चालून जावं का? हाडांवरच्या नोंदींत याहून मोठी फौज एका मोहिमेसाठी दिसत नाही. ‘फू हाओचे 3,000’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. ते तिचे लोक आहेत, म्हणजे तिच्या हाताखाली स्वतःचा मुलूख आणि माणसं होती. इतर नोंदींत ती तू, यी आणि बा या शेजारच्या लोकांविरुद्धच्या मोहिमांत दिसते. बा लोकांवरच्या मोहिमेची नोंद तर डावपेचाचीच आहे. राजाने पूर्वेकडून आत घुसायचं आणि शत्रू हटत हटत जिथे येईल तिथे फू हाओने दबा धरून बसायचं. अनेक अभ्यासक हिला चीनमधली दबा धरून केलेल्या हल्ल्याची सगळ्यात जुनी लेखी नोंद मानतात. या मोहिमांची ही वाक्यं प्रश्नार्थक असल्यामुळे लढाई प्रत्यक्षात कशी झाली ते हाडं सांगत नाहीत. पण राजा कुणाच्या भरवशावर बेत आखत होता, ते सांगतात.

आणि लगेच दुसऱ्या एका कवचाच्या कडेला हिशेबनिसाची नोंद: फू हाओकडून 50 कवचं आली. ज्या कवचांवर तिच्याबद्दल प्रश्न कोरले जात, तसली कवचं ती स्वतः पुरवत होती.

हे सगळं कळत होतं, पण ते हाडांवरचंच. 1976 मध्ये ते जमिनीत सापडलं. आन्यांगजवळच्या श्याओतुन गावापाशी एका उंचवट्यावर झेंग झेनशियांग या महिला पुरातत्त्वज्ञाचा गट काम करत होता. गावाला तो उंचवटा सपाट करून शेतजमीन करायची होती, त्याआधी खाली काय आहे ते तपासणं भाग होतं. हत्यार होतं ‘ल्वोयांग फावडं’. लांब दांड्याला लावलेलं अर्धगोल, पन्हळीसारखं पातं. ते जमिनीत मारून वर ओढलं की खालच्या मातीचा नमुना जसाच्या तसा वर येतो. मूळचं हे थडगेचोरांचं हत्यार, पण नैसर्गिक थर आणि माणसाने धुमसून बसवलेली माती यांतला फरक त्यातून चटकन कळतो. इथे धुमसलेली माती संपतच नव्हती. काहींना वाटलं पुरे झालं, खाली आता पाणीच लागेल. झेंग थांबायला तयार नव्हत्या. शेवटी फावड्यासोबत ओलसर लाल लाखेचा पापुद्रा वर आला आणि मातीत जेडचं, म्हणजे एका मौल्यवान दगडाचं, लोलक.

खाली साडेसात मीटर खोल खड्डा होता, सुमारे 5.6 मीटर लांब आणि 4 मीटर रुंद. राजघराण्यातल्या इतर थडग्यांच्या मानाने लहानच, पण चोरांचा हात न लागलेला. तळ भूजलाच्या पातळीखाली, त्यामुळे पाणी उपसत चिखलात हाताने चाचपून वस्तू काढाव्या लागल्या. त्याच पाण्याने फू हाओचा देह आणि शवपेटी मात्र विरघळवून टाकली होती. ती दिसायची कशी, ते आता कुठलंही शास्त्र सांगू शकणार नाही.

वस्तू निघाल्या 1,900 हून जास्त. त्यांतल्या 468 कांस्याच्या, एकूण वजन सुमारे 1.6 टन. जेडच्या 755. जवळजवळ 500 हाडी केसपिना. चार कांस्य आरसे. कवड्या तर 6,800 च्या वर, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. तेव्हा कवडी ही संपत्ती होती. आपण ‘कवडीमोल’ म्हणतो ते नेमकं उलट्या अर्थाने. चिनी लिपीत संपत्ती आणि किंमत यांच्याशी संबंधित कितीतरी चिन्हांत कवडीचं चिन्ह अजून दडलेलं आहे.

शस्त्रं 130 पेक्षा जास्त. त्यांत दोन मोठ्या कुऱ्हाडी. मोठीचं वजन 9 किलो, लांबी जवळजवळ 40 सेंटिमीटर, आणि तिच्यावर दोन वाघ दोन बाजूंनी एका माणसाच्या डोक्यावर जबडे उघडून उभे. एवढं वजन घेऊन रणात कुणी लढत नाही. ही अधिकाराची खूण होती. चिनी लिपीतलं ‘राजा’चं चिन्हही कुऱ्हाडीच्या पात्यावरून आलं असावं, असं अनेक लिपितज्ज्ञ म्हणतात. त्या कुऱ्हाडीवर तिचं नाव ओतलेलं आहे. ओतलेलं, नंतर कोरलेलं नव्हे. शांग कारागीर मातीचा नमुना घडवत, त्यावर ओली माती दाबून बाहेरच्या साच्याचे तुकडे काढत, आत मातीचा गाभा बसवत आणि मधल्या फटीत वितळलेलं तांबं, कथील आणि शिसं ओतत. अक्षरं साच्यातच उलटी घडवलेली असत. म्हणजे मालकीण कोण हे वस्तू ओतण्याआधीच पक्कं होतं. अशी 109 कांस्यपात्रं आणि शस्त्रं तिच्या नावाची आहेत.

माझं लक्ष मात्र एका लहान वस्तूवर खिळतं. धनुष्य ओढताना अंगठ्यात घालायची जेडची अंगठी. मागच्या बाजूला प्रत्यंचा अडकवायला खाच आहे.

दोन मोठ्या चौकोनी पात्रांवर वेगळंच नाव होतं: ‘आई शिन’. शांग लोक मेलेल्यांना दहा दिवसांच्या आठवड्यातल्या एका वाराचं नाव देत. शिन हा आठवा वार. वू डिंगच्या ज्या तीन राण्यांची पूजा पुढच्या राजांच्या काळात होत राहिली, त्यांत एक ‘शिन’ आहे. मुलांच्या पिढीने तिला आई शिन म्हटलं, नातवंडांनी आजी शिन. असं हाडांवरचं नाव, कांस्यावरचं नाव आणि पूजेतलं नाव एकमेकांना भिडलं. काळ ठरवायला हाडंच पुन्हा कामी आली. वू डिंगच्या काळातल्या हाडांवर पाच चंद्रग्रहणांच्या नोंदी आहेत, आणि ग्रहणं मागे मोजत नेता येतात. त्याला हाडांच्या कार्बन-14 मापनाची जोड देऊन चिनी संशोधकांनी 2000 मध्ये वू डिंगची कारकीर्द इ.स.पू. 1250 ते 1192 अशी मांडली.

थडग्यात आणखी 16 माणसं होती आणि 6 कुत्री. तिच्यासोबत पाठवायला मारलेली. ज्या छ्यांग लोकांवर ती चालून गेली, त्यांचे कैदी शांग पूर्वजांना बळी दिले जात, तेही हाडांवर लिहिलेलं आहे. तिच्या पराक्रमाबद्दल लिहिताना हे झाकून ठेवणं मला बरोबर वाटत नाही. ती त्या व्यवस्थेत जगली आणि त्या व्यवस्थेच्या वतीने लढली.

ती गेली तरी प्रश्न थांबले नाहीत. फू हाओला कुणी नेलं? परमदेवाने? घराण्याच्या मूळपुरुषाने? की अमक्या पूर्वजाने? राजा एकेक नाव घेऊन विचारत राहिला. थडग्यावरच्या जमिनीत एका लहान इमारतीचा पाया सापडला आहे, बहुधा तिथे तिची पूजा होत असावी. आठवड्याचा आठवा वार आला की तिथे शिनसाठी नैवेद्य निघत असणार.